सत्काराचे टॉवेल

आज दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी आमच्या शाळेतली दुसरीतली ऋतुजा उन्हानं कोसळली, आणि अडीचच्या सुमारास दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसून तिनं गारेगार मागितलं, तेही केशरीच, दुसरं नको. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. एप्रिल संपत आलाय, सगळ्यांनीच जीव जपून वापरावा. आता हे घडलंच नाही असं धरून पुढं जाऊ. धरून कशाला, घडलेलं नाहीच. शाळेच्या नोंदवहीत आजच्या तारखेसमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'विशेष घटना – निरंक'. निरंक हा शब्द मला पूर्वीपासून आवडतो. नुसतं 'काही नाही' म्हटलं की समोरचा विचारतो, काही नाही म्हणजे काय? निरंक म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

माझं नाव शिवराज, गाव जेऊर, वय चोवीस. शाळेत मी लिपिकाच्या खुर्चीवर बसतो; खुर्ची कायम आहे, मी अकरा महिन्यांचा. शाळा सोलापुरात, खाजगी, पहिली ते चौथी, मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची खडखड, पुढं एवढंसं पटांगण. माझं इंग्रजी कच्चं, गणित त्याहून कच्चं, पण सरकारी मराठी मला जन्मजात येते. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं टाइप केलं की पुढचं बोटं आपापलं बघून घेतात. लोकांना कविता सुचतात तसे मला अर्ज सुचतात. हेडसर, म्हणजे सिद्रामप्पा सर, एकदा म्हणाले, "शिवराज, तू लिहिलास की मलाच ते खरं वाटायला लागतंय बघ." हे मी कौतुकानं आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "मग मला पर्मनंट करा म्हणून लिव्ह की येकदा." आईला साहित्यातलं काही कळत नाही.

फेब्रुवारीत मी असाच एक अर्ज लिहिला. पटांगणात कडुलिंब होता. तीन पोरांनी हात धरले तरच कवेत येईल एवढा बुंधा, आणि सावली अशी की सगळी पहिली आणि निम्मी दुसरी तिच्यात मावायची. मुलांचं उन्हापासून रक्षण व्हावं म्हणून शाळेला पत्र्याची शेड मंजूर झाली होती, नाव 'उष्मा निवारा'. आणि पटांगणात शेड बसेल अशी एकच जागा होती, ती लिंबाखालची. म्हणजे सावली करायला सावलीचीच जागा लागत होती. हे तेव्हा मला खटकलं नाही, कारण मी वाक्यात गुंतलो होतो. 'सदर वृक्ष जीर्ण व धोकादायक झाला असून त्यापासून विद्यार्थ्यांच्या जीवितास धोका संभवतो.' झाड जीर्ण नव्हतं. धोका म्हणाल तर, एकदा एका कावळ्यानं हेडसरांच्या टोपीवर शिटलं होतं, एवढाच. पण 'जीवितास धोका संभवतो' हे असं काही जमून आलं होतं की खोडायला हात होईना. मुतारीचा अर्ज तीन वर्षं पडून आहे, त्याच्यावर कुणी चहासुद्धा सांडलेला नाही. हा मात्र आठ दिवसांत मंजूर, नवव्या दिवशी करवत. हेडसरांनी मला चहा पाजला. खिडकीबाहेर लिंब कापत होते, ओल्या लाकडाचा कडू वास आत येत होता, आणि तो चहालाही लागला होता. मी दोन साखरा जास्त घातल्या.

मार्चमध्ये शेड उभी राहिली. चार खांब, वर पत्रा, कपाळावर निळा बोर्ड. दोन खांबांच्या मधे लाल फीत बांधून ठेवलीय, कारण उद्घाटन व्हायचंय. पाहुणे दोनदा ठरले, आणि दोन्ही वेळा त्यांनी कळवलं, उन्हं जरा उतरू द्या. उद्घाटनाआधी फितीच्या आत पाऊल टाकायचं नाही अशी सूचना मीच लिहून लावलीय. तशी गरज नव्हती; दुपारी त्या पत्र्याखाली कुणी उभं राहत नाही, कुत्रंसुद्धा आत डोकावून परत येतं. पाहुण्यांसाठी बारा टॉवेल आणि बारा टोप्या ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद आहेत. सोलापुरात माणसाचा मान टॉवेलनं करतात. हार दुसऱ्या दिवशी म्हैस खाते, टॉवेल दहा वर्षं अंग पुसतो. हेडसर ते टॉवेल दर सोमवारी मोजतात. पोरांना रोज मोजतात, पण ते हजेरीसाठी.

आता फोटोचं सांगतो. वरून पत्रक आलं की उन्हाच्या दिवसांत तीनदा पाण्याची घंटा वाजवायची, मुलांना पाणी पाजायचं, आणि दुपारी बारानंतर, कडक उन्हाच्या वेळी, मुलं सुरक्षित असल्याचा फोटो आजपासून रोज ॲपवर चढवायचा. शाळा सकाळची आहे. सातला भरते, सव्वाअकराला सुटते. म्हणजे बाराला मुलं सुरक्षितच असतात, कारण ती घरी असतात. पण ॲप फोटोवर वेळ आणि ठिकाण दोन्ही छापतं. बाराच्या आधीचा घेत नाही आणि शाळेबाहेरचा घेत नाही. मी फोन केला. तिकडून एक मॅडम म्हणाल्या, "सिस्टीमच घेत नाही सर, त्याला मी काय करणार?" म्हटलं, "मॅडम, पोरं घरी जातात तोवर." "मग थांबवून घ्या की." "उन्हात?" "छे छे, उन्हात कशाला? सावलीतलाच पाहिजे. तुमची शेड झालीय ना? बोर्ड दिसू दे मागं." मी 'बरं' म्हणालो. नंतर बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसलो होतो, आणि हे मला चांगलं आठवतं की मला हसू येत होतं. मला अशा गोष्टींचं हसू येतं. तोच माझा दोष आहे. दुसऱ्या एखाद्याला राग आला असता, तो भांडला असता; मी हसलो आणि दुसरीचा वर्ग पाऊण तास थांबवायचा असं वहीत लिहिलं. उन्हापासून वाचवल्याचा पुरावा द्यायला एकतीस पोरं उन्हात.

फितीच्या आत जायचं नव्हतं आणि बोर्ड दिसायला हवा होता, म्हणून पोरं शेडच्या पुढं, उघड्यावर, चार रांगांत. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा ग्लास. ग्लास रिकामे. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं आणि आज तिसरा दिवस होता; गच्चीवरच्या काळ्या टाकीत उरलेलं पाणी चहाच्या लायकीचं तापलेलं. गार पाण्याचा एकच माठ भरला होता, त्याला झेंडूचा हार घालून पुढं स्टुलावर मांडला होता, आणि फोटो निघेपर्यंत तो भरलेला दिसावा म्हणून पाणी फोटोनंतर द्यायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे कुणी ठरवलं, हे असं वाक्य लिहिताना सरकारी मराठीत विचारत नाहीत. मी ठरवलं.

"सर, पाय भाजतंय," पहिल्या रांगेतून कुणीतरी. "चप्पल आहे ना पायात?" "चप्पलच भाजतीय की." सगळे हसले. मीही हसलो. बाराच्या उन्हात पोरांच्या सावल्या पायाखाली गोळा होऊन चपलेएवढ्या झाल्या होत्या, जणू प्रत्येकजण आपल्याच शाईच्या डागावर उभा. ऋतुजा तिसऱ्या रांगेत. ती मान खाली घालून पुढच्या पोराच्या पाठीला कपाळ लावत होती. "ऋतुजा, अंतर ठेव." ती मागं सरकली आणि पुन्हा पुढं आली. "ऋतुजा, मान वर. चेहरा दिसला पाहिजे." तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी जरा ओरडलो. मग फोटो काढला, आणि पाठवणार तेवढ्यात फोनच्या पडद्यावर आलं की उपकरणाचं तापमान वाढल्यामुळं कॅमेरा बंद करण्यात येत आहे. फोननं स्वतःहून स्वतःला उन्हातून काढून घेतलं. त्यानं कुणाला अर्ज केला नाही, कुणाची सही घेतली नाही. आणि मी काय केलं, तर फोन गार व्हावा म्हणून तो माठाला टेकवून ठेवला, वर माझा रुमाल पांघरला, आणि पोरांना म्हणालो, "कुणी हलू नका, फोन तापलाय."

हे वाक्य मी संध्याकाळपासून किती वेळा म्हणून बघितलं. वेगवेगळ्या आवाजांत. कुठल्याही आवाजात ते बरं वाटत नाही. चार मिनिटं माझा हात रुमालावरून फोनवर फिरत होता, तापलेल्या लेकरावरून फिरवावा तसा, माठाचा गार ओलावा बोटांना लागत होता आणि बरं वाटत होतं. समोर पोरं होती. फोन सुरू झाला, ॲप पहिला फोटो घेईना म्हणून मी दुसरा काढला, आणि ग्लास घरंगळल्याचा आवाज आला. स्टीलचा ग्लास फरशीवर पडला की टण् वाजून थांबतो. मातीत पडला की कमी वाजतो, पण लांब जातो. तो घरंगळत फितीच्या खालून शेडमध्ये गेला. दोन्ही फोटो माझ्याकडं अजून आहेत. पहिल्यात एकतीस डोकी, दुसऱ्यात तीस, आणि मधे एक फट, आणि त्या फटीतून बोर्डावरचं 'निवारा' स्वच्छ दिसतंय.

उचलली तेव्हा तिचं अंग इस्त्रीसारखं होतं. घाम नाही. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत कुणी नाही. वर्गाच्या बाईंनी बाकीची तीस पोरं वर्गात पिटाळली आणि माठ सोडून सगळ्यांनी सल्ले दिले : कांदा फोडा, पाणी ओता तोंडात, पाणी अजिबात देऊ नका. मी तिला घेऊन पळालो ते सवयीनं लिंबाखाली. तिथं लिंब नव्हता. त्या दोन सेकंदांत, फितीसमोर उभा राहून, मला आईची झोळी आठवली. आठवली म्हणजे मला ती आठवणं शक्य नाही, मी दीड वर्षाचा होतो, पण आईनं इतक्यांदा सांगितलीय की ती माझीच झालीय. जेऊरच्या रानात एकच झाड, त्याच्या फांदीला लुगड्याची झोळी, आत मी. आई भांगलत लांब जायची आणि सावली सरकली की माघारी यायची, झोळी सोडून दुसऱ्या फांदीला बांधायची. दिवसातून सात-आठदा. "तुला घिऊन म्या त्या झाडाभवती सूर्यावानी फिरलीया," असं ती म्हणते. मुकादम ओरडायचा, तिच्या ओळी मागं राहायच्या. तिनं यासाठी कुणाची परवानगी मागितली नव्हती. आणि तिचा मुलगा शिकून शहरात आला आणि झाड हलवून पोरं तिथंच ठेवायला शिकला.

"अय्यो, हितं काय उभारलाव!" स्वयंपाकघरातून रत्नम्मा धावत आल्या. त्या शाळेची खिचडी करतात, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि घाईत दोन्ही. त्यांनी पोरीचे पाय धरले, मी खांदे, आणि आम्ही तिला थेट हेडसरांच्या टेबलावर निजवली. हेडसर पाहुण्यांशी फोनवर नवीन तारीख ठरवत होते; त्यांनी फोनवर हात ठेवून फक्त भुवया वर केल्या. कूलर नुसताच गरम वारा फेकत होता, त्यात पाणी नव्हतं. "ओलं फडकं पायजे, लई पायजे," रत्नम्मा म्हणाल्या. "मानेला, काखेत, जांघेत." मी माझा रुमाल पुढं केला. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग कपाटाकडं. "ते टावेल काढा की, सर! कुणाची वाट बगायलाय?" किल्ली हेडसरांच्या खिशात. हेडसर फोनवर. मी एका हातानं खूण केली, त्यांनी एका हातानं 'थांब' केलं. मग मी कागदाला भोकं पाडायचं लोखंडी यंत्र उचललं आणि कडीवर घातलं. तिसऱ्या घावाला कडी निघाली. आयुष्यात मी पहिल्यांदा काही विनंती न करता उघडलं.

माठ आणला, हारासकट. बारा टॉवेल, पांढरेशुभ्र, जाड, घडीत कापराच्या गोळ्या. बुडवले की पाणी गटागटा पीत होते, आमच्या पोरांनी प्यावं तसं. रत्नम्मा तिच्या कानाशी "पापा, पापा", म्हणजे बाळा, बाळा, आणि पुढं तेलुगूत काहीतरी म्हणत होत्या, मी रजिस्टरनं वारा घालत होतो. हजेरीचंच रजिस्टर होतं ते. "अरे, सत्काराचे हायत ते!" शेवटी हेडसर ओरडले, फोन तसाच हातात धरून, आणि फोनमधून पाहुण्यांचा बारीक आवाज आला, "कुणाचा सत्कार चाललाय?"

रिक्षा रत्नम्मांनी थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, "टॉवेल कुणी गुंडाळले?" मी म्हणालो, "चूक झाली सर, धुऊन वाळवून परत देतो." त्यांनी टॉवेलचा ओलावा चाचपला. मग म्हणाले, "त्यानंच वाचली. राहू दे अंगावर." मला या वाक्याचा आनंद व्हायला हवा होता. मी मनात त्याचा खुलासा लिहायला लागलो होतो.

तिची आई तानाबाई कारखान्यातून आली तेव्हा तिच्या केसात, भुवयांवर सुताची पांढरी लव होती. टॉवेलच्या काठांना शिवण मारायचं काम करते. नवरा बिरप्पा मेंढरं घेऊन लांब गेलाय, त्याचा फोन लागत नव्हता. ती आधी पोरीला बघून आली, मग बाकड्यावर माझ्याशेजारी बसली आणि हातातला ओला टॉवेल उलटा करून काठ बघू लागली. बराच वेळ. "आमच्याच हितला हाय," म्हणाली. "शिवण माजी न्हाय." तिनं टॉवेल मांडीवर ठेवला. "तुमी फोटू काडत हुता म्हनं." "हो." "कशापायी?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, पत्रक, ॲप, बोर्ड, सांगताना ते मला स्वतःलाच परक्या भाषेतलं वाटत होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "आमी मेंढरं बी बाराला बशिवतो, सर," ती म्हणाली, रागावल्यासारखी नाही, माहिती दिल्यासारखी. "झाड नसलं तर ती आपलीआपण येकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात. उनात मेंढरू तसं उबारलं की समजायचं, हलवाय पायजे. धा वर्साचं पोरगं बी वळकतंय."

मग मला ऋतुजाचं कपाळ दिसलं, पुढच्या पोराच्या पाठीला लावलेलं, आणि माझा आवाज ऐकू आला, अंतर ठेव. ती सात वर्षांची पोर मेंढरांकडून शिकलेलं सगळं मला करून दाखवत होती, आणि मी तीनदा दुरुस्त केलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण बाकडं रेक्झिनचं होतं आणि पँट चिकटली होती.

चारला शाळेत आलो. हेडसर टॉवेल मोजत होते. सहा दोरीवर, सहा दवाखान्यात. "पोरगी बरी हाय ना? झालं तर मग," ते म्हणाले. वाईट माणूस नाही. त्यांचे डोळे लाल होते, आणि ते उन्हानं नव्हते. "आता हे वर जायला नको. नोंदवहीत निरंक टाक. कुणी विचारलंच तर एक खुलासा तयार ठेव. पोरगी घरून उपाशी आली होती म्हणून लिही."

"सर, भाकरी खाऊन आली होती. इथं खिचडी पण खाल्ली, दोनदा घेतली. रत्नम्मांनी वाढलीय."

हेडसरांनी विचार केला. "मग जास्त खाल्लं म्हणून लिही."

"आणि उद्या?"

"उद्या काय? आजचा फोटो गेलाच नाही. उद्या बाराला परत. दुसरी नको पण, बरं दिसत नाही. तिसरी घे."

ते गेल्यावर मी निरंक लिहिलं. अक्षर सुरेख आलं, याची मला चीड आली. खिडकीतून शेड दिसत होती; पत्रा उतरत्या उन्हात ठण् ठण् करत आकसत होता, आणि फितीच्या आत अजून तो ग्लास पडलेला होता. उद्घाटनाआधी आत जायला बंदी असल्यामुळं तो कुणी आणला नव्हता. मी फितीखालून वाकून गेलो, ग्लास उचलला, चटका बसला. मग आत येऊन संगणकासमोर बसलो आणि आयुष्यातला पहिला खोटा आदेश लिहिला. पहिला कसला; झाडाचा धरला तर दुसरा. 'वाढत्या तापमानाच्या पार्श्वभूमीवर सर्व पालकांना कळविण्यात येते की, कोणत्याही कारणास्तव, छायाचित्राच्या कारणास्तवसुद्धा, कोणताही पाल्य सव्वाअकरानंतर शाळेत थांबविला जाणार नाही. पालकांनी सव्वाअकराला फाटकाशी हजर राहून आपला पाल्य मोजून घ्यावा.' वर जावक क्रमांक टाकला, खाली शाळेचा शिक्का, आणि पालकांच्या ग्रुपवर सोडून दिला. पाच मिनिटांत अंगठेच अंगठे. एका बापानं विचारलं, टॉवेल आणायचा का. ग्रुपवर तानाबाईचा बोलून पाठवलेला निरोप आला, मागं दवाखान्याची गडबड : "बरं झालं सर, वरनं कुनाला तरी अक्कल आली." तिच्या मागून ऋतुजा विचारत होती, माझा ग्लास कुटं हाय.

उद्या सव्वाअकराला फाटकावर सगळे पालक उभे असतील आणि बाराला पटांगण रिकामं असेल. साडेबारापर्यंत माझी खुर्चीही रिकामी असेल. ती कायम आहे, तिला काही होत नाही. तोवर संगणक चालू आहे, शिक्का समोर आहे, आणि बोटं थांबत नाहीत, म्हणून हा शेवटचा अर्ज.

विषय : कडुलिंब (एक नग) यास पूर्ववत रुजू करून घेणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, या शाळेच्या पटांगणातील सदर वृक्ष जीर्ण नव्हता व त्यापासून कोणाच्याही जीवितास धोका संभवत नव्हता. तसे लिहिणारा मी होतो. शब्द चांगले बसले होते. सदर वृक्षाविरुद्ध एका कावळ्याव्यतिरिक्त कोणतीही तक्रार अभिलेखावर नाही. तरी सदर वृक्षास त्याच्या मूळ जागी, मूळ उंचीसह व कावळ्यासह, तोडल्याच्या दिनांकापासून पूर्वलक्षी प्रभावाने, सेवेत खंड न धरता पुन्हा रुजू करून घ्यावे. आज दुपारी बारा वाजून सहा मिनिटांनी तो हजर होता असे समजण्यात यावे. आणि त्या वेळची त्याची सावली कु. ऋतुजा बिरप्पा, इयत्ता दुसरी, हिच्या नावे मंजूर करावी, ही नम्र विनंती.